चार बोटं खिडकी



आमच्या शेजारची लेक बाळंतपणाला माहेरी आलीय. गेल्या आठवड्यात बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी आली. बेळगावात यंदा थंडी बरी पडलीय, म्हणून तिच्या आईनं नवी शेगडी आणली, लोणारी कोळसा आणला आणि खोलीच्या खिडकीच्या फटी जुन्या साडीच्या पट्ट्यांनी बुजवायला घेतल्या. मी बाळ बघायला गेलो होतो. राहवलं नाही म्हणून म्हटलं, "वहिनी, शेगडी ठेवणारच असाल तर खिडकी चार बोटं उघडी राहू द्या." त्या हसल्या. "चार बोटं? हे काय माप झालं काय, भावोजी?"

बाळंतिणीसमोर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. इथं सांगतो.

माझा जन्म १९५१ चा. घर निपाणीत, जुन्या वस्तीत. पुढं सोपा, मग माजघर, त्याच्या मागं स्वयंपाकघर, न्हाणी आणि परडं. वर मंगळुरी कौलं. कौलांच्या फटीतून उजेड यायचा तसा वाराही यायचा. आमच्या भागातली थंडी म्हणजे काही काश्मीर नव्हे. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, निपाणी त्याहून थोडी खाली. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर यायचा. पण खोली तापवायची सोयच नसलेल्या घरात बाहेर जितकी थंडी, जवळपास तितकीच आत.

आता मागं वळून बघताना वाटतं, आपल्याकडं घर तापवायची रीतच नव्हती. आपण माणूस तापवायचो. रात्री अंगावर घोंगडी किंवा वाकळ. घोंगडी धनगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. नवी असताना अशी टोचायची की झोप येऊ नये, पण थंडी-पावसात तिच्यासारखी दुसरी नाही. वाकळ आईच्या नि आजीच्या जुन्या लुगड्यांची. आम्ही वाकळ म्हणायचो, बेळगावकडच्या कानडी शेजारणी कौदी म्हणायच्या. शिवण तीच. पहाटे न्हाणीतला तांब्याचा बंब पेटायचा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली राख. आम्ही पोरं बंबाला पाठ लावून आपापली पाळी येईपर्यंत उभे. चुलीतला विस्तव रात्री राखेखाली झाकलेला असायचा, आजी तो फुंकणीनं जागा करायची. आमचं तंबाखूचं गाव. सुगी झाली की तंबाखूची वाळकी खोडंही जळणाला यायची. त्यांच्या धुरानं घरभर ठसका लागायचा, पण तो धूर कौलांतून निघून जायचा.

या सगळ्यात एकच खोली अशी होती, जिथं माणसाबरोबर खोलीही तापवायची. ती बाळंतिणीची खोली.

ती माजघराच्या कडेला, अंधारी. हातभर खिडकी, तीसुद्धा वाकळेनं बुजवलेली. दाराला घोंगडीचा पडदा. बाजेखाली शेगडी, वर ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं यांची धुरी. वारं लागू नये म्हणून सव्वा महिना हा बंदोबस्त. आजच्या डॉक्टर मंडळींनी नाकं मुरडू नयेत. दिवस गेलेल्या सुनेला खरोखर विश्रांती आणि ऊब मिळायची ती एवढ्याच काळात.

१९५८ च्या जानेवारीत आईला मुलगी झाली. माझी पाठची बहीण. अकराव्या दिवशी सकाळी ती उठली नाही. बारसं व्हायचं होतं, त्यामुळं तिला नावसुद्धा नव्हतं. घरात सगळे म्हणाले, थंडीनं गेली. त्या सकाळी आईचं डोकं इतकं ठणकत होतं आणि उलट्या होत होत्या की तिला उठून बसता येईना. दुःखाचा धक्का, असं सगळ्यांनी धरलं.

१९६१ च्या डिसेंबरात भाऊ झाला. या खेपेला थंडीला घरात पाऊल टाकू द्यायचं नाही असं आजीनं ठरवूनच ठेवलं होतं. खिडकीच्या फटी तिनं स्वतः शेणामातीनं लिंपल्या. पडद्यावर दुसरा पडदा लावला. रात्री एकाच्या जागी दोन शेगड्या ठेवल्या. खानापूरकडचा चांगला कोळसा मुद्दाम मागवला होता, धूर न करणारा. त्या म्हातारीनं नातवासाठी हातचं काही राखलं नाही.

आठव्या दिवशीची पहाट. वडील वखारीच्या कामानं कोल्हापूरला गेलेले. शेजारचे हवालदारमामा आमच्या परड्यातल्या आडावर पाणी न्यायला आले होते. पलटणीतून येऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांची चारला उठायची सवय गेली नव्हती. आजी खोलीत डोकावून बाहेर आली आणि म्हणाली, "सूनबाई हाकेला ओ देईना."

मामांनी घागर तिथंच टाकली. आजी ओरडली, "अरे, बाळंतिणीची खोली ती! बाप्याचं काय काम तिथं?" त्यांनी ऐकलं नाही. दोन्ही पडदे ओढून काढले, टॉवेल गुंडाळून एकेक शेगडी परड्यात नेऊन टाकली, खिडकी लाथेनं उघडली. मग मला म्हणाले, "पाय धर." मी दहा वर्षांचा. आईला बाजेसकट आम्ही सोप्यावर आणलं, उघड्या थंडीत. बाळ आजीच्या हातात होतं. मामा म्हणाले, "मावशी, त्याला पदरात झाकू नका. तोंड वाऱ्याकडं करा." किती वेळ गेला सांगता येत नाही. आधी बाळ रडलं. मग आईनं डोळे उघडले.

उन्हं वर आल्यावर मामा सोप्याच्या पायरीवर बसून सांगू लागले. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. १० जुलै १९४४ ला यशवंत घाडगे यांनी प्राण देऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर नामदेव जाधव यांनी तो मिळवला. या दोन तारखा आपण अभिमानानं सांगतो. त्यांच्या मधे एक अख्खा हिवाळा होता, आपेनाइन डोंगरातल्या बर्फाचा आणि चिखलाचा. मामा त्या हिवाळ्यात तिथं होते. एका पडक्या दगडी घरात त्यांनी डब्यात कोळसे पेटवले, खिडक्यांत कांबळी कोंबली आणि झोपले. सकाळी दोघे उठले नाहीत. "गोळी नाही, बाँब नाही," मामा म्हणाले. "चेहरे चांगले लाल, झोपल्यासारखे. तेव्हापासून हुकूम झाला, विस्तव आत असेल तर खिडकी चार बोटं उघडी."

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग मागच्या खेपेला..." आणि पुढं बोलली नाही.

मामांनी खाली बघितलं. "मावशी, ते थंडीनंच असेल."

त्या दिवशी आजीनं एक लाकडी गुल्ली तासून घेतली, चार बोटं जाडीची. शेगडी आत आली की गुल्ली खिडकीच्या फळीत. ऊब जायची, ती जाऊ द्यायची. आजी गेली तोवर दर हिवाळ्यात ती गुल्ली तिनं स्वतःच लावली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

मी कॉमर्सचा माणूस. यामागचं शास्त्र मला पुढं नोकरीत असताना एका डॉक्टर खातेदारांनी समजावलं. कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, म्हणजे माणूस श्वास घेत असतो आणि आतून गुदमरत असतो. ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून आपण दार उघडतो. लालबुंद, बिनधुराचा कोळसा चांगला वाटतो, म्हणून दार लावून घेतो. आजीनं चांगला कोळसा मागवला होता तो याच समजुतीनं.

मी लक्षणं विचारली. डॉक्टर म्हणाले, आधी डोकं ठणकतं, मळमळतं, उलटी होते, मग गुंगी येते. मला १९५८ ची सकाळ आठवली. बँकेत ताळमेळात फरक आला की तो कुठल्या तारखेला पडला ते शोधायची सवय लागते. माझा हा फरक वीसेक वर्षांनी सापडला. पण तो मांडायचा कुणापुढं? आजी गेली होती. आई होती, २००४ पर्यंत होती. तिला मी हे कधी सांगितलं नाही.

पुढं माझी बदली बेळगावला झाली. हे मराठा रेजिमेंटच्या केंद्राचं गाव, त्यामुळं माजी सैनिकांची खाती भरपूर. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर रांगेत यायचे, माकडटोप्या घालून. मी मुद्दाम थंडीचा विषय काढायचो. १३ एप्रिल १९८४ ला सियाचिनची मोहीम सुरू झाली, त्यानंतर तिथं राहून आलेलेही भेटू लागले. उणे चाळीस-पन्नास अंशांत, फायबरच्या झोपडीत बुखारी जळते. लोखंडी पिंप, त्यात नळीनं थेंब थेंब रॉकेल, आणि धूर बाहेर न्यायला वर पत्र्याचा पाईप. एक जण म्हणाले, "साहेब, बर्फानं पाईप तुंबला की संपलं. म्हणून रात्री आळीपाळीनं एक जण जागा राहायचा." ती विझली तर थंडीनं मरण, आणि कोंडली तर ऊबेनं. तिथंही मामांचाच हुकूम चालू होता.

२०१८ च्या जानेवारीत आम्ही उभयता मुलीकडं स्वीडनला गेलो, गोथेनबर्गला. तिचे दिवस भरत आले होते. हिनं डिंकाचे लाडू नि हळीव नेले. बाहेर उणे नऊ, घरात एकवीस. मी पहिल्या रात्री विस्तव कुठं आहे ते शोधत होतो. विस्तव घरात नव्हताच. गावाबाहेर कचरा जाळून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतली वाया जाणारी उष्णता घेऊन पाणी तापवतात. नळानं ते इमारतीपर्यंत येतं आणि त्या उष्णतेवर खिडकीखालच्या पट्ट्या तापतात. गावाला मिळून एकच मोठा बंब म्हणा की! स्वीडनमध्ये याची सुरुवात १९४८ साली कार्लस्टाड गावी झाली.

जावयानं एका जुन्या घरात फरशांची उंच भट्टी दाखवली. अठराव्या शतकात त्यांच्याकडं लाकडाची टंचाई झाली होती. उघड्या शेकोटीची बरीचशी ऊब धुराड्यातून आभाळात जायची. तेव्हा १७६७ साली क्रोनस्टेट आणि व्रेडे या दोघांनी भट्टीत धुराचे मार्ग खालीवर वळवले. धूर बाहेर पडेपर्यंत त्याची उष्णता विटा-फरशांत मुरायची आणि थोड्या लाकडांत खोली दिवसभर ऊबदार राहायची. १९७३ ला तेल महागल्यावर तर त्यांनी भिंती नि खिडक्या आणखी भक्कम केल्या. मुलीच्या घराला तिहेरी काचा होत्या. बाहेरचा आवाजसुद्धा आत येत नव्हता.

हे सगळं बघताना माझ्या पोटात गोळा आला. इतकं बंद घर, आणि त्यात बाळ येणार. मुलीला म्हटलं, "हवा कुठून येते गं?" तिनं मला खिडकीजवळ नेलं आणि वरच्या चौकटीतली लांबट फट दाखवली. तिला झडप होती, पण ती पूर्ण बंद करायची नाही असा इमारतीचा नियम. बाहेर बर्फ पडत असला तरी तिथून ताजी हवा येते आणि न्हाणीघराच्या पंख्यानं शिळी हवा बाहेर जाते. मी हात लावून बघितला. गार वारा लागला. मुलगी विचारत होती, "बाबा, काय झालं?" तेव्हा तिला मी ही गोष्ट सांगितली. घरात पहिल्यांदाच.

नातू झाला. पुढं तो बाबागाडीत, कानटोपी-कांबळ्यात गुंडाळून बाहेर थंडीतच झोपायचा. तिकडं तशीच रीत आहे. हिचा जीव वरखाली व्हायचा. मी मात्र शांत होतो. अंग ऊबेत, तोंड वाऱ्याकडं.

आता कुणी म्हणेल, हल्ली शेगडी कुठं राहिलीय? तर मंडळी, बंबाच्या जागी गॅसचा गिझर आलाय. लहान बाथरूम, दार बंद, खिडकीही बंद, आत गिझर पेटलेला. आंघोळीला गेलेला माणूस बाहेरच येत नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात वाचतो. वायू तोच. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या जागी बसवून घ्या. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. शेक द्यायचाच तर जागेपणी द्या, खिडकी उघडी ठेवून, आणि झाला की शेगडी बाहेर. आणि थंडीत सकाळी घरातल्या सगळ्यांचंच एकदम डोकं दुखत असेल तर आधी खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि दवाखाना गाठा.

भाऊ आता चौसष्टचा झाला, धारवाडला असतो. आपण एकदा मरता मरता वाचलो एवढं त्याला माहीत आहे. बहिणीचं मात्र तो आज इथंच वाचेल. आजीला दोष देऊ नकोस रे. तिनं जे केलं ते मायेनंच केलं, आणि कळल्यावर त्या गुल्लीत एक दिवस खंड पडू दिला नाही.

शेजारच्या वहिनींनाही हे वाचायला पाठवतोय. खिडकीसाठी गुल्ली हवी असेल तर माझ्याकडं आहे. आजीचीच.