अम्मीला सांगू नका!

‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा मोठा चमत्कारिक शब्द आहे. शेतीला, शिक्षणाला लागला की आपण खूश होतो. स्तनाच्या कर्करोगाला लागला की घरची माणसं दाराआड कुजबुजू लागतात. रोग हाडांत, यकृतात, फुप्फुसांत पसरला, असा त्याचा अर्थ. एकेकाळी इथं डॉक्टरांजवळ फारसं काही नसे. सुरी होती, पण पसरलेल्या रोगाचा पाठलाग सुरी कुठवर करणार?

१८९६ साली ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक हकिकत छापली. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या एका रुग्ण स्त्रीचे अंडाशय त्यांनी काढले आणि स्तनाच्या गाठी विरत गेल्या. अंडाशय काढलेली गाय जास्त काळ दूध देते, हा गोपालकांचा अनुभव त्यांच्या कानावर होता. ‘हार्मोन’ हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता! टॅमॉक्सिफेनची गोळी याच वाटेवरची. ही वाट सगळ्याजणींना लागू पडत नाही, हेही पुढे कळलं.

पण गाठ विरली तरी दुखण्याचं काय? मला या इतिहासात सर्वांत जवळच्या वाटतात त्या लंडनच्या सिसिली साँडर्स. आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि १९५७ साली डॉक्टर. तीन खात्यांची बैठक एकाच बाईच्या डोक्यात भरलेली! १९४८ साली डेव्हिड टास्मा हा पोलंडहून आलेला ज्यू कर्करोगानं गेला. जाताना त्यानं साँडर्सबाईंच्या भावी वास्तूतल्या एका खिडकीसाठी ५०० पौंड ठेवले. ती वास्तू, सेंट ख्रिस्तोफर्स, १९६७ साली उभी राहिली. वेदना असह्य होण्याची वाट न पाहता मॉर्फिन घड्याळाप्रमाणे द्यायचं, हा तिथला रिवाज. शरीर, मन, घरची काळजी, देवाशी चाललेलं भांडण, हे सगळं मिळून दुखणं होतं, असं बाई सांगत.

इंग्लंड-वेल्समध्ये वेगवेगळ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून उपचार ठरवावेत, अशी सरकारी शिफारस १९९५ साली काल्मन-हाइन अहवालानं केली. आपल्याकडे वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ सालचं. त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा कायदा आला आणि परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिन दुर्मीळ झालं. कायदा थोडा सैल व्हायला २०१४ उजाडलं. मधली वर्षं किती जणींनी उशी चावून काढली असतील!

आता मोठ्या रुग्णालयांत सर्जन, किरणोपचारवाले, औषधवाले, वेदनाशमनाचे डॉक्टर एका टेबलाभोवती बसतात. पण आमच्या मोहल्ल्यात अजून ‘अम्मी को मत बताना’ आणि पलीकडच्या आळीत ‘आईला सांगू नका’. ती तर केव्हाच ओळखून असते. कपाटाच्या किल्ल्या सुनेकडे गेलेल्या असतात. तिला विचारलं तर कदाचित ती सांगेल, की मला एसटीचे हेलपाटे सोसत नाहीत. हाडातल्या दुखण्यावर पुष्कळदा किरणांचा एकच डोस पुरतो. दहा खेपांची एक खेप होते. पण हे टेबलावर यायला आधी तिला कुणीतरी विचारलेलं असावं लागतं.