मूळ गाडी आणि मूळ पाठ

जुन्या मोटारींच्या स्पर्धेत परीक्षक गाडीजवळ येण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असतो. गाडी कोणत्या वर्गात उभी करायची, हे ठरते तेव्हाच तो लागतो. या वर्गांत सर्वाधिक वाद 'स्टॉक' या वर्गावरून होतात. स्टॉक म्हणजे कारखान्यातून आली तशी, असे उत्तर चटकन दिले जाते. पाठचिकित्सा शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना 'मूळ' या शब्दातली गुंतागुंत परिचित असल्यामुळे आम्हांला हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावासा वाटतो.

आरंभी वर्ग वयावरून ठरत. इंग्लंडात १९३० मध्ये 'व्हेटरन कार क्लब' व १९३४ मध्ये 'व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब' स्थापन झाले. पुढे १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणण्याचा प्रघात पडला. आपल्याकडे 'द स्टेट्समन'ने १९६४ मध्ये दिल्लीत अशा गाड्यांची रॅली सुरू केली. १९६६ मध्ये 'फिवा' ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. गाडी किमान ३० वर्षांची, इतिहासाला धरून राखलेली व रोजच्या वापरात नसलेली असावी, ही तिची अट. वयाखेरीज फिवा आणखी दोन गोष्टी विचारते: गाडी मूळ जपलेली आहे, डागडुजी केलेली आहे की नव्याने बांधलेली, आणि तिच्यात बदल झाले असतील तर ते त्या काळातले की नंतरचे. हा दुसरा भेद आम्हांला फार मोलाचा वाटतो, कारण त्या काळात झालेला बदल हा दोष न ठरता एक स्वतंत्र प्रकार ठरतो.

शिवाय 'कारखान्यातून आली तशी' म्हणजे नेमकी कशी? दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइससारखी कंपनी बहुधा सांगाडा व इंजिन एवढेच विकत असे. त्यावरची बॉडी दुसराच कारागीर ग्राहकाच्या मर्जीप्रमाणे बांधून देई. आपल्या संस्थानिकांच्या अनेक गाड्या अशाच घडल्या. अशा गाडीला एकच एक कर्ता नसतो.

सातारा-सांगलीकडे हा प्रश्न जीपच्या रूपाने सामोरा येतो. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत परदेशातून आलेल्या सुट्या भागांची जीप जोडायला सुरुवात केली. तिचे पेट्रोल इंजिन खर्चिक. म्हणून देशभर अनेक मालकांनी ते उतरवून डिझेल इंजिन बसवले. अशी जीप साखरपट्ट्यातल्या माणसाला ओळखीची आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१च्या नियमांनी ५० वर्षांवरील खासगी गाड्यांना 'व्हीए' अक्षरांच्या खास नोंदणीची सोय केली. मात्र सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट घातली. त्या अटीने इंजिन बदललेली जीप बाहेर राहते. तिच्यातला बदल मात्र टंचाईच्या काळाचा व इथल्या फिटरच्या कौशल्याचा पुरावा आहे. बक्षिसासाठी ते इंजिन काढून जुने शोधून बसवले, तर गाडी स्टॉक होईल आणि पुरावा जाईल.

याच मुलखात या प्रश्नाचे एक उत्तर आधीच दिले गेले आहे, तेही ग्रंथाच्या बाबतीत. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली आणि १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी वसली. त्याच राजांनी १९१८ मध्ये महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठी एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती त्यातून आकाराला आली व १९६६ मध्ये पूर्ण झाली. १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक असलेल्या वि. स. सुकथनकरांनी छापलेली संहिता व्यासांच्या हातची आहे असा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून गाठता येईल तितका जुना पाठ त्यांनी वर ठेवला, पाठभेद तळटीपांत दिले आणि मोठे प्रक्षेप परिशिष्टांत जपले. प्रक्षिप्त ठरलेला मजकूरही त्यामुळे वाचकाच्या हाती राहिला.

मोटारींचे वर्ग ठरवणाऱ्यांनी हीच शिस्त अंगीकारावी, असे आम्हांला वाटते. स्टॉक वर्ग कडक असावा. त्यात इंजिनाचा क्रमांक, रंग, दिवे, कातडे सारे काटेकोरपणे तपासले जावे. त्याच्या शेजारी 'काळातला बदल' हा वर्ग तितक्याच मानाचा असावा. त्यात मालकाने कोणता भाग केव्हा, का आणि कोणाकडून बदलला याची कागदपत्रांसह नोंद द्यावी आणि परीक्षकांनी तिलाही गुण द्यावेत. प्रतिकृतीने आपण प्रतिकृती असल्याचे फलकावर सांगावे. एवढे झाले, तर औंध वा कराडकडची एखादी डिझेल जीप आपले इंजिन न लपवता मैदानात उभी राहू शकेल.