पंधरा लाख शेअर आणि एक शेअर

शेअर बाजाराच्या इतिहासात काही व्यवहार असे आढळतात, की ते घडले त्या दिवशी त्यांचा अर्थ कोणालाच नीट लागला नाही. ॲपल या अमेरिकेतील संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या शेअरचा २६ जून १९९७ रोजी झालेला व्यवहार हा त्यांपैकी एक. त्या दिवशी कोणा अनामिकाने कंपनीचे १५ लाख शेअर एकगठ्ठा विकले. विक्री झाली हे सर्वांना दिसले. विक्रेता कोण, हे मात्र कळले नाही. या एका प्रश्नाची कहाणी आम्ही येथे मांडीत आहोत. कारण बाजारातील हालचालीवरून कितपत अनुमान करावे, याचा धडा तीत आहे.

१९७६ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीची अवस्था तेव्हा बिकट होती. मार्च १९९७ अखेरच्या एकाच तिमाहीत तिला ७० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला होता. गिल अमेलिओ हे फेब्रुवारी १९९६ पासून कंपनीचे प्रमुख होते. कंपनीला नव्या संगणक-प्रणालीची निकड होती. म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये त्यांनी नेक्स्ट ही कंपनी ४० कोटी डॉलरच्या आसपास किमतीला विकत घेण्याचे ठरविले. नेक्स्टचे संस्थापक होते स्टीव्ह जॉब्ज, म्हणजे ॲपलचेच एक संस्थापक. १९८५ मध्ये मतभेदांमुळे ते ॲपलमधून बाहेर पडले, तेव्हा त्यांनी आपले शेअर विकून टाकले होते. केवळ एक शेअर ठेवला होता. भागधारकांच्या सभेस जाण्याचा हक्क राहावा, एवढाच त्यामागील हेतू. आता या नव्या व्यवहारात त्यांना रोख रकमेबरोबर ॲपलचे १५ लाख शेअर मिळाले. ते किमान सहा महिने विकायचे नाहीत, असे ठरले होते. जॉब्ज परत आले ते सल्लागार म्हणून. संचालक म्हणून नव्हे.

१९९७ च्या वसंतात कंपनीविषयी उलटसुलट बातम्यांना ऊत आला. ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी ॲपल ताब्यात घेण्याचा विचार मार्चमध्ये जाहीरपणे बोलून दाखविला आणि एप्रिलअखेर सोडूनही दिला. सौदी राजपुत्र अल्-वालीद यांनी सुमारे साडेअकरा कोटी डॉलर खर्चून ५ टक्क्यांच्या आसपास शेअर घेतल्याचेही उघड झाले. असे मातबर गिऱ्हाईक पुढे येते, तेव्हा कंपनीत अजून काही जीव आहे, असे छोट्या भागधारकास वाटणे स्वाभाविकच होते.

अशा वेळी जूनमधील ती विक्री झाली. कंपनीच्या एकूण शेअरांच्या मानाने १५ लाख हा आकडा एक टक्क्याहून थोडासाच अधिक. परंतु एका हाताने, एका दिवशी एवढे शेअर बाजारात आणले, की त्यातून सर्वांना एकच संदेश जातो: आतली माहिती असलेल्या कोणाचा तरी धीर सुटला आहे. शेअरचा भाव आधीच घसरणीला लागलेला होता. या विक्रीने त्यात भर पडली आणि तो बारा वर्षांतील नीचांकावर गेला. ज्यांनी त्या सुमारास घाबरून आपले शेअर काढून टाकले, त्यांना मूर्ख म्हणता येणार नाही. समोर दिसणाऱ्या खुणेचा त्यांनी सरळ अर्थ लावला होता.

पुढील घटना मात्र वेगळ्या दिशेने गेल्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अमेलिओंचे पद गेले. ६ ऑगस्ट रोजी बॉस्टन येथील मेळाव्यात जॉब्ज यांनी जाहीर केले, की ज्या मायक्रोसॉफ्टशी ॲपलचे वर्षानुवर्षांचे वैर, तीच कंपनी ॲपलचे १५ कोटी डॉलरचे शेअर घेणार आहे आणि मताधिकार मागणार नाही. पडद्यावर बिल गेट्स दिसताच सभागृहातून निषेधाचे आवाज उठले. रकमेपेक्षा महत्त्वाचे होते ते मायक्रोसॉफ्टने दिलेले वचन: ॲपलच्या संगणकांसाठी आपली ऑफिस ही प्रणाली ती आणखी पाच वर्षे पुरविणार होती. त्याच दिवशी भाव ३३ टक्क्यांनी चढून २६ डॉलरच्या वर बंद झाला.

आणि याच ऑगस्ट महिन्यात जूनमधला अनामिक विक्रेता उघड झाला. ते स्वतः जॉब्ज होते. सहा महिने सरताच त्यांनी आपले सर्व शेअर विकले होते. या खेपेसही एक शेअर तेवढा मागे ठेवला होता. कंपनीचे संचालक मंडळ काही करील अशी आशा आपण सोडून दिली होती आणि भाव चढेल असे आपणांस वाटले नव्हते, असे कारण त्यांनी नंतर दिले. सप्टेंबरमध्ये ते कंपनीचे हंगामी प्रमुख झाले. पुढे कंपनीचे काय झाले, ते वाचक जाणतातच.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. बाजाराने ती खूण चुकीची वाचली काय? नाही. विकणाऱ्याचा विश्वास खरोखरच उडाला होता. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. एका जाणत्या माणसाची निराशा म्हणजे कंपनीचे भवितव्य, असे समीकरण मांडले गेले. वस्तुतः ते भवितव्य त्या माणसालाही ठाऊक नव्हते. जाणता माणूस विकतो, तेव्हा आपले मन तेवढे सांगतो.

दुसरा मुद्दा न्यायाचा. संचालक व वरिष्ठ अधिकारी यांनी आपले व्यवहार जाहीर करावेत, असे अमेरिकेचा १९३४ चा कायदा सांगतो. परंतु १९९७ मध्ये त्यासाठी पुढील महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मुदत होती, आणि जॉब्ज तर केवळ सल्लागार होते. ही मुदत २००२ च्या कायद्याने दोन कामकाजाच्या दिवसांवर आणली. आपल्याकडे सेबीने अंतस्थ माहितीवर आधारलेल्या व्यवहारांविषयीचे नियम १९९२ मध्ये केले आणि २०१५ मध्ये नव्याने घडविले. विक्रेत्याचे नाव वेळेवर कळणे ही छोट्या भागधारकाची चैन नव्हे, ती त्याची गरज आहे. जूनमध्ये नाव कळले असते, तर निदान कोणाचा धीर सुटला आहे हे तरी त्याला समजले असते.

आपल्यापैकी अनेक घरांत वडिलांच्या काळातील शेअरची कागदपत्रे पेटीत जपून ठेवलेली असतात. एखाद्या दिवशी त्यांपैकी एखाद्या कंपनीत मोठी विक्री झाल्याची वार्ता येईल. तेव्हा कोणी विकले आणि का विकले, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर हाती येईपर्यंत कंपनीचे हिशेब स्वतः वाचावेत. पंधरा लाख शेअर विकणाऱ्यानेही एक शेअर मागे ठेवला होता, हे त्या वेळी आठवावे.