पर्यावरणीय आरोग्य शिक्षण : पायाभूत विज्ञान व संवाद

पाणी, हवा, अन्न, घर, कचरा, सांडपाणी, कीटक आणि कामाची जागा यांतून आरोग्याला होणारा अपाय ओळखून तो वेळीच रोखण्याचे शिक्षण. महाराष्ट्रात या क्षेत्रातला सर्वांच्या ओळखीचा माणूस म्हणजे नगरपालिकेचा स्वच्छता निरीक्षक. खेड्यात हे काम आरोग्य सेवक आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक यांच्याकडे असते. अभ्यासक्रम पदविकेचा असो वा पदवीचा, पायाला रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकी व गणित असतात आणि जोडीला संवाद. वेळापत्रकात हा शेवटचा विषय बहुधा कडेला पडतो. या क्षेत्राचा इतिहास मात्र त्याला तिथे राहू देत नाही.

इंग्लंडमध्ये कष्टकऱ्यांच्या आरोग्यस्थितीवरचा एडविन चॅडविक यांचा अहवाल १८४२ साली आला. लिव्हरपूलने १८४४ मध्ये टॉमस फ्रेश यांना उपद्रव निरीक्षक नेमले. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर १८५४ च्या पटकीत जॉन स्नो यांनी पंपाच्या पाण्यावर बोट ठेवले. त्यांचे म्हणणे आरंभी न पटलेले धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड स्वतः घरोघर चौकशी करत गेले आणि शेवटी त्याच निष्कर्षाला आले. वस्तीतली माणसे त्यांच्या ओळखीची होती, म्हणून त्यांना उत्तरे मिळाली.

उलट उदाहरण पुण्याचे. १८९७ च्या प्लेगात वॉल्टर रँड यांच्या देखरेखीखाली गोऱ्या सैनिकांनी घरे तपासली, रुग्ण हलवले, सामान बाहेर काढले. लोकांनी आजारी माणसे लपवली आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. ही केवळ संवादाची हार नव्हती. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता, पण उंदरावरची पिसू तो पसरवते हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. अर्धवट विज्ञान आणि दंडेली एकत्र आली होती.

पायाभूत विषय कामाला कसे येतात, हे विहिरीच्या शुद्धीकरणात चांगले दिसते. व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल, तर पाणी सुमारे २८,२६० लिटर भरते. हे गणित शाळेतलेच. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर किती टाकायची ते हॉरॉक्स संच सांगतो. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचे पाणी घेऊन काळ्या कपातले ब्लीचिंगचे द्रावण त्यांत एक, दोन, तीन अशा चढत्या थेंबांनी टाकतात आणि अर्धा तास थांबून स्टार्च-आयोडाइडचे थेंब घालतात. तिसऱ्या कपात प्रथम निळा रंग उमटला, तर ४५५ लिटरला ६ ग्रॅम पावडर लागते, म्हणजे या विहिरीला सुमारे ३७३ ग्रॅम. जंतू मारण्याचे मुख्य काम हायपोक्लोरस आम्ल करते आणि पाण्याचा सामू वाढला की त्याचे प्रमाण घटते. गढूळपणा क्लोरीन खातो, तर उघड्या पोत्यातली जुनी पावडर निम्मीशिम्मी निकामी झालेली असते. यातले काही न समजता केवळ चमचे मोजणारा माणूस पावसाळ्यात फसतो.

इतके करूनही क्लोरीनचा वास आवडला नाही, तर बायका ओढ्याचे पाणी भरतात. पावडर रात्री, पाणी भरून झाल्यावर का टाकायची आणि सकाळी पाण्यात उरलेला क्लोरीन तपासणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत उमटणारा पिवळा रंग काय सांगतो, हे पाणी भरणाऱ्यांनाच दाखवावे लागते. सरपंचांच्या टेबलावर अहवाल ठेवून भागत नाही.

डेंग्यूचे तसेच. अनुकूल हवामानात एडिस डासाला अंड्यातून उडण्यापर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याची सूचना यावरूनच निघाली. कारण न सांगता नुसती पिंपे उपडी करायला लावली की भांडणे होतात.

जोखीम-संवाद ही या अभ्यासाची नवी शाखा. धोका आणि लोकांचा संताप मिळून जोखीम ठरते, ही पीटर सँडमन यांची मांडणी प्रसिद्ध आहे. १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून घातक रसायनांची माहिती हा वस्तीचा हक्क ठरवला. पाठ्यपुस्तकांत सहसा न येणारे, पण इथे आवर्जून घ्यावे असे नाव गाडगेबाबांचे (१८७६–१९५६). दिवसा खराटा आणि रात्री कीर्तनातून श्रोत्यांना प्रश्न, या पद्धतीत उपदेशाआधी काम दिसत असे.

लेखी बाजूकडे विद्यार्थी दुर्लक्ष करतात. नमुना कोणत्या नळाचा, किती वाजता घेतला, बाटली कशी बंद केली, नोटिशीत कोणते कलम, किती मुदत: यांतले एक चुकले की प्रयोगशाळेतला अचूक निष्कर्षही वादात टिकत नाही.

महाराष्ट्रात पाणीस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतात. तपासणीचा तक्ता न वाचणाऱ्यालाही रंग कळतो, ही त्यातली खुबी. रंगामागचे कारण, मग ते गळका व्हॉल्व्ह असो, विहिरीजवळचा उकिरडा असो वा संपलेली पावडर, ग्रामसभेत उभे राहून सांगणे आणि ‘मग गेल्या वर्षी काय केलंत?’ या प्रश्नाला न चिडता उत्तर देणे यांचा सराव प्रात्यक्षिकात असलेला बरा.