दुकानापूर्वीची यादी

१/ २९ जून २००७ च्या संध्याकाळी सहा वाजता अमेरिकेत पहिल्या आयफोनची विक्री सुरू झाली. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. या फोनवर बाहेरच्या कोणाचेही ॲप अधिकृतपणे बसवता येत नव्हते आणि ॲप स्टोअर उघडायला वर्षभराचा अवकाश होता. त्या मधल्या वर्षात ॲप्स कुठे होती आणि लोकांना ती सापडत कशी? 🧵

२/ ॲपलने दार बंद ठेवण्याची कारणे दिली होती. जानेवारी २००७ मध्ये फोन जाहीर झाला, तेव्हाच स्टीव्ह जॉब्ज यांनी त्यांची मांडणी केली होती. बाहेरच्या प्रोग्रॅममुळे फोन ऐन वेळी अडकू नये, आणि एखाद्या सदोष ॲपमुळे मोबाइल कंपनीचे जाळे कोलमडू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता.

३/ प्रोग्रॅमर मात्र स्वस्थ बसणारे नव्हते. ११ जून २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील ॲपलच्या वार्षिक परिषदेत जॉब्ज यांनी तोडगा सांगितला. फोनमध्ये सफारी हा पूर्ण क्षमतेचा ब्राउझर आहे, तेव्हा ॲप म्हणजे वेबपान समजा आणि ते आपल्या सर्व्हरवर ठेवा. ॲपलची परवानगी नको, काही बसवायलाही नको.

४/ सभागृहातील प्रतिसाद थंडच होता. त्या काळच्या वेबपानाला फोनचा कॅमेरा वापरता येत नव्हता, संपर्कांची वही वाचता येत नव्हती आणि जाळे तुटले की कामही थांबे. त्यात पहिल्या आयफोनची वाय-फायबाहेरची सारी भिस्त ‘एज’ या संथ जाळ्यावर होती. फ्लॅश तर चालतच नव्हते.

५/ तरीही माणसे कामाला लागली. नेव्हन म्रगन यांची ‘वनट्रिप’ ही किराण्याची यादी करणारी वेबॲप अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक. जुलैच्या पहिल्या आठवड्याअखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतील ॲडोबीच्या कार्यालयात ‘आयफोनडेव्हकॅम्प’ हे शिबिर भरले. शेकडो लोक आपापले लॅपटॉप घेऊन जमले आणि तिथेच बसून ॲप्स लिहू लागले.

६/ याच सुमारास फायरफॉक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या जो ह्युइट यांनी ‘आययूआय’ हा तयार कोड सर्वांसाठी खुला केला. तो वापरला की साधे वेबपान आयफोनच्या मूळ याद्यांसारखे डावी-उजवीकडे सरकू लागे. ऑगस्टमध्ये त्यांनीच फेसबुकची आयफोनसाठीची वेबआवृत्ती तयार केली.

७/ ॲप्स वाढली आणि नवा प्रश्न उभा राहिला. वेबॲपचा ठिकाणा म्हणजे एक पत्ता, आणि तो काचेवरच्या इवल्या कळफलकावर टंकायचा. पत्ता ठाऊकच नसेल तर? शोधयंत्रात शब्द घातला तर हजारो पाने येत. त्यांतले कोणते या फोनसाठी घडवलेले आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

८/ या गरजेतून स्वतंत्र निर्देशिका उभ्या राहिल्या. काम तंत्राचे कमी आणि ग्रंथपालाचे अधिक होते. पत्ते गोळा करायचे, प्रत्येक ॲप स्वतः उघडून पाहायचे, खेळ, बातम्या, प्रवास, हवामान अशा वर्गांत बसवायचे, दोन ओळींत वर्णन लिहायचे. बंद पडलेले पत्ते वेळोवेळी काढून टाकायचे, ते वेगळेच.

९/ ही परंपरा वेबइतकीच जुनी आहे. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी आवडत्या संकेतस्थळांची वर्गवार यादी केली, तीच पुढे ‘याहू’ झाली. वेब अफाट वाढल्यावर शोधयंत्रांनी अशा याद्या मागे टाकल्या. नव्या फोनमुळे छोटे, मोजता येण्याजोगे वेब पुन्हा जन्माला आले आणि त्यासोबत यादीही परतली.

१०/ निर्देशिकेलाही त्याच फोनवर चालावे लागे. सफारी साधारणपणे पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे मानून ते ३२० पिक्सेलच्या पडद्यावर आक्रसून दाखवी. अक्षरे मुंगीएवढी दिसत. उपाय म्हणून ॲपलने ‘व्ह्यूपोर्ट’ नावाचा एक छोटा टॅग दिला होता. पानाच्या आरंभी तो लिहिला की मजकूर पडद्याच्या मापात बसे.

११/ मग चित्रे कमी करायची, पान हलके ठेवायचे आणि प्रत्येक ओळ बोटाने दाबता येईल इतकी उंच करायची. चांगली निर्देशिका वापरणारा तिची खूण ब्राउझरमध्ये जपून ठेवी आणि बाकीच्या ॲप्सकडे तिथूनच जाई. या अर्थाने निर्देशिका हेच त्या काळातील एक महत्त्वाचे ॲप होते.

१२/ येथे सत्तेचा प्रश्न येतो. निर्देशिकेच्या चालकाने एखादे ॲप गाळले, तरी ते आपल्या पत्त्यावर जिवंत राही. दुसरा कोणी त्याची नोंद घेऊ शके. यादीला वाट दाखवता येत होती, पण वाट अडवण्याचे सामर्थ्य कोणत्याही यादीकडे नव्हते.

१३/ ११ ऑक्टोबर २००७ रोजी ॲपलने स्वतःची वेबॲप निर्देशिका सुरू केली. ‘नवी’, ‘लोकप्रिय’ आणि ‘वर्णानुक्रमे’ असा क्रम लावण्याची सोय तीत होती. निर्मातेच यादी करू लागल्यावर साहजिकच लहान निर्देशिकांचे महत्त्व उतरणीला लागले. पण या यादीतही ॲप होते लेखकाच्याच सर्व्हरवर.

१४/ आणि अवघ्या सहा दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहिले: फेब्रुवारी २००८ मध्ये फोनवर थेट बसणारी ॲप्स लिहिण्याची साधने देऊ. व्यासपीठ खुले करायचे आणि वापरकर्त्याला घातक प्रोग्रॅमपासून वाचवायचे, या परस्परविरोधी गोष्टी साधायला वेळ लागतो, असा त्याचा आशय होता.

१५/ दरम्यान हौशी मंडळींनी फोनचे कुलूप फोडलेच होते. ‘जेलब्रेक’ केलेल्या फोनवर ‘इन्स्टॉलर’ नावाच्या प्रोग्रॅममधून अनधिकृत ॲप्स बसवली जात. थेट ॲप्सची भूक किती मोठी आहे हे त्यातून दिसत होते. वेबॲप्सची वाट पुरेशी नाही, हे लोकांनी कृतीतून सांगितले.

१६/ साधने अखेर ६ मार्च २००८ रोजी जाहीर झाली. १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲप्ससह ॲप स्टोअर उघडले आणि पहिल्या शनिवार-रविवारअखेर १ कोटी डाउनलोड झाले. विक्रीतील ७० टक्के लेखकाचे, ३० टक्के ॲपलचे. प्रत्येक ॲप आधी ॲपलच्या तपासणीतून जाणार.

१७/ दुकानाने दिले ते कमी नव्हते. पैसे घेण्याची सोपी सोय, जाळ्याविना चालणारी ॲप्स, काहीशी सुरक्षितता. एकट्या प्रोग्रॅमरला जगभरचे ग्राहक मिळाले. पण यादी आणि दार एकाच हाती आले. नोंद नाकारली गेली, तर जेलब्रेक न केलेल्या फोनवर त्या ॲपला जागाच उरली नाही.

१८/ भारतात आयफोन अधिकृतपणे आला २२ ऑगस्ट २००८ रोजी, एअरटेल आणि व्होडाफोन यांच्यामार्फत. तोवर स्टोअर सुरू होऊन सहा आठवडे झाले होते. मुंबई-पुण्याच्या पहिल्या ग्राहकांनी यादीचे युग पाहिलेच नाही. त्यांच्या लेखी ॲप म्हणजे पहिल्यापासून दुकानातील वस्तू.

१९/ वेबॲपची कल्पना मात्र मेली नाही. फायरफॉक्स ओएसने ती उचलली, आणि त्याच्या कोडमधून निघालेली कायओएस २०१७ मध्ये मुंबईच्या रिलायन्स समूहाच्या जिओफोनवर आली. गावोगावी पोहोचलेल्या त्या कळांच्या फोनमधील ॲप्स वेबतंत्रावरच घडलेली होती. मात्र तीही दुकानातूनच मिळत.

२०/ वाद अजून जिवंत आहे. शुल्काच्या तंट्यातून १ मार्च २०२४ रोजी गूगलने प्ले स्टोअरमधून अनेक भारतीय ॲप्स उतरवली. त्यांत मुंबईची शादी डॉट कॉमही होती. सरकारने लक्ष घातल्यावर काही दिवसांत ती परत आली. या काळात ॲप दुकानातून गेले होते, संकेतस्थळ मात्र आपल्या पत्त्यावर चालूच होते.

२१/ योगायोग असा की त्याच दिवशी ॲपलने युरोपीय संघातील आयफोनच्या मुख्य पडद्यावरील वेबॲप्स बंद करण्याचा आधी जाहीर केलेला निर्णय टीकेनंतर मागे घेतला. १७ वर्षांपूर्वी जी वाट ‘हीच पुरेशी आहे’ म्हणून दाखवली होती, ती राखण्यासाठी लोकांना भांडावे लागले.

२२/ २००७ च्या त्या निर्देशिका आज शोधू गेल्यास बहुतेक पत्ते मृत आढळतात. इंटरनेट अर्काइव्हने टिपलेल्या प्रतींत काही याद्या उरल्या आहेत. नावे दिसतात, पण त्यांवर दाबले की पुढे काही उघडत नाही. ॲप लेखकाच्या सर्व्हरवर असे, त्यामुळे सर्व्हर बंद झाला की ॲपही गेले. जे स्वातंत्र्य होते, तेच विस्मृतीचे कारणही ठरले.

२३/ एक खूण मात्र सर्वत्र आहे. संगणकावर कोणतेही आधुनिक वेबपान उघडा, त्याचा मूळ कोड पाहा आणि आरंभीच्या ओळींत ‘व्ह्यूपोर्ट’ शोधा. बहुतेक ठिकाणी तो टॅग सापडेल. दुकान उघडण्यापूर्वीच्या त्या एका वर्षाचा तो शिलालेख आहे. (समाप्त)