जोडी लावून देणारी माणसं

२०१९च्या जूनमध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून गळ्यात रेडिओ कॉलर बांधलेला एक तरुण वाघ निघाला. तेलंगणाची हद्द ओलांडून, शेतं-नाले तुडवत तो अखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन स्थिरावला. कॉलरच्या नोंदींनुसार चाल भरली सुमारे ३,००० किलोमीटर; ‘वॉकर’ हे नाव त्यावरूनच पडलं. इथे त्याला शिकार मिळाली, पाणी मिळालं, वाघीण मात्र नव्हती. मग त्याच्यासाठी दुसरीकडून मादी आणावी का, याचा खल वनखात्यात सुरू झाला. जेमतेम २०५ चौरस किलोमीटरच्या जंगलातून पुढे बछड्यांनी जायचं कुठे, ही त्यातली खरी अडचण.

जोड्या लावण्याचा हा उद्योग टोकाला गेला तो ओर्कांच्या, म्हणजे किलर व्हेलच्या, बाबतीत.

१९६०च्या दशकापासून अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर ओर्कांची पिल्लं जाळ्यात धरून हौदांत आणली जात. लोकांचा विरोध वाढला आणि १९७६ नंतर वॉशिंग्टन राज्याच्या पाण्यात ही धरपकड थांबली. मग आइसलँडचा समुद्र धुंडाळला गेला आणि हौदातच पैदास करण्यावर भर आला. २६ सप्टेंबर १९८५ रोजी ऑर्लँडोच्या सीवर्ल्ड या सागरी उद्यानात कॅलिना जन्मली. बंदिवासात जन्मून जगलेलं हे पहिलं पिल्लू. काही ओर्का कळपांत नर-माद्या आयुष्यभर आईजवळ राहतात. कॅलिनाला पाच वर्षांची होण्याआधीच दुसऱ्या उद्यानात हलवलं गेलं. पुढे कृत्रिम रेतन आलं आणि नर-मादीची गाठ पडण्याचीही गरज उरली नाही. १९८३मध्ये आइसलँडजवळ धरलेल्या टिलिकमची तर २१ पिल्लं झाली. त्याच टिलिकमच्या हल्ल्यात २०१०मध्ये प्रशिक्षिका डॉन ब्रँचो यांचा मृत्यू झाला. मार्च २०१६मध्ये सीवर्ल्डने ओर्कांची पैदास बंद केल्याचं जाहीर केलं.

त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या राणीच्या बागेत सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन उतरले.

मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी भायखळ्यात थंड केलेल्या, काचबंद दालनात राहू लागले. ऑक्टोबरमध्ये एक मादी जिवाणूसंसर्गाने दगावली. उरले सात; जोड्या लावल्या तर एक शिल्लक राहणारच. मोल्ट आणि फ्लिपर यांचं जुळलं आणि १५ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. भारतात जन्मलेला पहिला पेंग्विन म्हणून कौतुक झालं, पण आठवडाभरातच ते गेलं. २०२१मध्ये ओरिओ आणि ऑस्कर मात्र जगले, आणि मग पाळणा हलतच राहिला.

२०२५मध्ये नॉडी, टॉम आणि पिंगू अशी तीन पिल्लं वाढली. सातांचे एकवीस झाले होते. वाद पेटला तो या तिघांना मराठी नावं का दिली नाहीत, यावरून.