‘विन ओव्हर’ म्हणजे काय? अर्थ, वापर आणि नेहमी होणारी गल्लत

‘विन ओव्हर’ हे इंग्रजीतले फ्रेझल व्हर्ब आहे. जो आपल्या विरोधात आहे किंवा ज्याचे अजून तळ्यात-मळ्यात चालले आहे, त्याला आपल्या बाजूला वळवणे हा त्याचा अर्थ. मराठीत ‘मन वळवणे’ किंवा ‘आपलेसे करणे’ म्हणता येईल.

साम, दाम, दंड, भेद या चार उपायांपैकी यात प्रामुख्याने साम येतो: गोड बोलणे, मदत करणे, विश्वास मिळवणे. सवलत किंवा भेट दिली असेल, तर थोडा दामही येतो. धाकदपटशाने होकार मिळवला, तर मात्र हा शब्द चालत नाही.

वाक्यात कसे वापरायचे?

नाम असेल तर ते मध्ये किंवा शेवटी, कुठेही येते: ‘शी वन द व्होटर्स ओव्हर’ किंवा ‘शी वन ओव्हर द व्होटर्स’. दोन्हींचा अर्थ, तिने मतदारांना आपल्याकडे वळवले. सर्वनाम मात्र मध्येच हवे. ‘शी वन देम ओव्हर’ बरोबर, ‘शी वन ओव्हर देम’ चूक.

गल्लत कुठे होते?

क्रिकेटच्या बातमीत ‘इंडियाज विन ओव्हर ऑस्ट्रेलिया’ असे लिहिले असेल, तर तिथे कोणी कोणाचे मन वळवलेले नसते. तिथे ‘विन’ हे नाम आहे. अर्थ सरळ आहे: भारताचा ऑस्ट्रेलियावर विजय.

जवळचे शब्द

• बटर अप: काम काढून घेण्यासाठी मस्का लावणे. समोरचा भुलेलच असे नाही.
• टॉक इंटू: बोलून बोलून एखादी गोष्ट करायला तयार करणे.
• बाय ऑफ: पैसे देऊन तोंड बंद करणे किंवा विरोध थांबवणे.

यातला शेवटचा शब्द जपून वापरा. एखाद्या नेत्याने विरोधकांना ‘वन ओव्हर’ केले असे लिहिले, तर ते त्याचे कौशल्य ठरते. ‘बॉट ऑफ’ लिहिले, तर तो थेट लाच दिल्याचा आरोप होतो. त्यामुळे इंग्रजी बातमीचा मराठीत सारांश करून पोस्ट टाकताना मूळ शब्द कोणता आहे, ते आधी पाहा. ‘मन वळवले’ आणि ‘विकत घेतले’ यांत एखाद्याची अब्रू अडकलेली असते.